वारुळावरच्या रानअळंब्यांची नोंद ठेवायची आहे: नकाशा कसा करावा आणि किती उघडा ठेवावा?

करवंदी (२४ जून)

नमस्कार मंडळी,

आमची गावं दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातली. मृगाचा पाऊस मुरला की इथे रानात, राईत, काजूच्या बागांच्या कडेला वारुळांवर पांढरी अळंबी येऊ लागतात. शास्त्रात त्यांना टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून वारुळाच्या पोटात त्याचे सच्छिद्र थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकडातला कठीण भाग मोडते आणि वाळवी त्यावर जगते. दोघींचंही एकमेकींवाचून चालत नाही. त्याच थरांतून दांडा मातीतून वाट काढत वर येतो आणि आपल्याला अळंबं दिसतं. याची व्यापारी लागवड अजून कुठेही जमलेली नाही. बाजारात येतं ते सगळं रानातलंच.

आमच्याकडे रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर साफ होत आहेत. जेसीबी फिरला की वारूळ सपाट. त्या जागी वारूळ होतं, त्यावर अमुक नक्षत्रात अळंबी यायची, हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. ती माणसंही एकेक करून जात आहेत. म्हणून यंदा आम्ही काही जणांनी ठरवलं आहे की निदान आमच्या तीन-चार वाड्यांतल्या वारुळांची नोंद करायची आणि नकाशा तयार करायचा.

अनुभवी लोकांकडून हवं आहे ते असं: नोंदीत नेमकं काय लिहावं? फोनवरच्या जीपीएसवर किती विसंबावं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हा नकाशा लोकांना दाखवावा की नाही? दाखवला तर पुढच्या वर्षी पोती घेऊन माणसं येतील अशी भीती आहे. नाही दाखवला तर ज्या दिवशी डोंगर कापायला येतील त्या दिवशी हातात दाखवायला काही नसेल.

---

गजाली (२४ जून)

आमच्या म्हातारेन अळंब्याची जागा माझ्या बापाशीक पण सांगूक नाय. आणि तुमी नकाशार टाकतलात? 😄

चेष्टा सोडा, काम चांगला आसा. माझ्याकडसून दोन वारुळा लिवन घ्या, पण जागा फोनार नको, येवन बघा.

---

कोष्टक (२४ जून)

माझं काम नकाशांचंच आहे, त्यामुळे जीपीएसचं आधी सांगतो.

दाट झाडीत फोनचा जीपीएस दहा-वीस मीटर सहज चुकतो. वारुळाजवळ पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. फोन छातीच्या उंचीवर धरून मिनिटभर थांबा आणि स्क्रीनवर अचूकतेचा आकडा खाली येऊन स्थिरावला की मग नोंद घ्या. तो आकडाही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरं कोणी तिथे गेलं आणि दोन वारुळं पंधरा मीटरवर असली, तर नेमकं कोणतं हे त्यावरून ठरवता येतं.

दुसरं म्हणजे दशांश स्थळं. अक्षांश-रेखांशाची पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटर, चार म्हणजे अकरा मीटर, दोन म्हणजे एक किलोमीटरच्या आसपास. मूळ वहीत पाच ठेवा आणि बाहेर द्यायच्या नकाशात दोन. गाव कळतं, वारूळ कळत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं.

अ‍ॅपसाठी कोबो कलेक्ट बघा. फुकट आहे, रेंज नसताना चालतं, फॉर्म मराठीत करता येतो. नकाशासाठी क्यूजीआयएस, तेही फुकट.

---

बुरशीनाद (२४ जून)

करवंदीताई, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी बुरशीशास्त्राचा विद्यार्थी आहे. ओळखीबद्दल लिहितो.

'वारुळावर आलं म्हणजे टर्मिटोमायसिस' एवढ्यावर नोंद करू नका. वारुळाच्या मातीवर दुसऱ्याही बुरश्या येतात. उलट, काही वाळव्या जमिनीखालीच घर करतात, वर उंचवटा नसतो. तिथे अळंबं सपाट जमिनीतून आल्यासारखं दिसतं आणि लोक म्हणतात इथे वारूळ नाही. वारूळ दिसत नसलं तरी नोंद घ्या, फक्त 'वर वारूळ दिसत नाही' असं लिहा.

फोटो किमान चार हवेत. टोपी वरून: हिच्या मधोमध टणक, बहुधा गडद टोक असतं, त्याच टोकाने ती माती फोडून येते. टोपी खालून, म्हणजे पडदे (टोपीखालच्या पातळ उभ्या पट्ट्या) स्पष्ट दिसतील असा. दांडा जमिनीत शिरतो ती जागा. आणि आजूबाजूचा परिसर, झाडांसकट. दांड्याचं शेपूट जमिनीत खोल थेट वाळवीच्या थरापर्यंत गेलेलं असतं. ते बघण्यासाठी खणू नका. आधीच कोणी उपटलेलं अळंबं मिळालं तर त्याचा फोटो घ्या.

शिवाय एका टोपीचा बीजाणूंचा ठसा घ्या. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा, दांडा कापून टोपी पडदे खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळी उचला. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर ते क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, विषारी आहे, आणि दिसायला इतकं गोड पांढरं की भलेभले फसतात. ठसा गुलाबी आला म्हणून खाण्याजोगंच आहे असं मात्र नाही. गुलाबी ठशाच्या इतरही बुरश्या आहेत.

---

शंकासुर (२५ जून)

माझं मत जरा वेगळं आहे. पिढ्यानपिढ्या लोक अळंबी काढतात, खातात. नोंदी आणि नकाशे सुरू झाले की त्यामागून परवाने आणि बंद्या येतात. शेवटी फटका बसतो तो पावसाळ्यात चार पैसे मिळवणाऱ्या बाईलाच. अळंबं हे फळ आहे. आंबा काढला म्हणून झाड मरतं का? स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआ नावाच्या राखीव जंगलात १९७५ पासून जवळजवळ तीन दशकं हेच तपासलं. काही पट्ट्यांतली सगळी अळंबी काढली, काही पट्ट्यांत हात लावला नाही. पुढच्या उगवणीत फरक पडला नाही. मग वारुळावरच्या अळंब्यांच्या नावाने एवढी काळजी कशाला?

---

बुरशीनाद (२५ जून)

शंकासुर, तो अभ्यास खरा आहे, २००६ साली प्रसिद्ध झाला. पण त्याचा दुसरा निष्कर्षही तिथेच आहे: माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली की उगवलेल्या अळंब्यांची संख्या घटते. म्हणजे गर्दी हा प्रश्न त्यांनाही सापडला.

शिवाय ते युरोपातलं जंगल, तिथे वाळवीचा संबंध नाही. आपल्या या बुरशीचं चक्र वेगळं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पंख फुटलेली वाळवी उडते, नर-मादी जोडीने नवीन घर मांडतात. बहुतेक जातींत ती जोडी सोबत बुरशी नेत नाही. पहिली कामकरी वाळवी बाहेर पडते आणि चाऱ्याबरोबर बीजाणू घरात आणते, तेव्हा कुठे त्या घरात बुरशी रुजते. ते बीजाणू येतात उमललेल्या टोपीतून. आपल्याकडे भाव कशाला आहे? न उमललेल्या कळीला. सगळ्या कळ्याच खुडल्या तर बीजाणू उडणार कुठून? जुनं वारूळ जगेल, पण नव्याला बुरशी मिळायला हवी ना.

---

म्हादईतीर (२५ जून)

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हीच 'रोयणीची अळमी'. श्रावणात मासे बंद असतात तेव्हा अळम्यांच्या तोणाकाला जी मागणी येते ती विचारू नका. रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला बसतात, आणि सगळ्या कळ्याच. उमललेलं कोणी घेत नाही.

गोवा विद्यापीठातल्या डॉ. नंदकुमार कामत यांनी या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि कळ्या खुडण्याबद्दल वर्तमानपत्रांतून पुन्हापुन्हा लिहिलं. अभयारण्यांतून परवानगीशिवाय काही काढता येत नाही, त्यात अळमी आली. तरी माणसं जातात, कारण पैसा तिथेच आहे.

म्हणून करवंदीबाय, हात जोडून सांगतो, अचूक जागा बाहेर जाऊ देऊ नका. दोडामार्गाहून आमच्याकडे यायला किती वेळ लागतो? आणि आमच्याकडून तिकडे यायलाही तेवढाच.

---

लावणीवाला (२६ जून)

तारखेबरोबर नक्षत्रही लिहा. जुनी माणसं तारखेत बोलत नाहीत. आमचे आबा सांगायचे, आर्द्रेत येतात ती बारकी, पुनर्वसूत खरी अळंबी, म्हाताऱ्या पावसात मोठ्या छत्र्या. 'साधारण जुलै' असं त्यांच्याकडून लिहून घेतलंत तर सगळी बारकाई गेली. पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस ५-६ जुलैपासून, पुष्य म्हणजे म्हातारा १९-२० जुलैपासून, आश्लेषा २-३ ऑगस्टपासून. नक्षत्र विचारा, ते सांगतील. तारीख नंतर तुम्ही घाला.

आणि आदल्या चार-पाच दिवसांचा पाऊस लिहा. उघडीप होती का, ऊन पडलं होतं का. माझा अनुभव असा की मुसळधार पावसात नाही, थोडी उघडीप मिळून उकडलं की येतात.

---

करवंदी (२६ जून)

लावणीवाला काका, हे फारच मोलाचं. फॉर्ममध्ये नक्षत्राचा रकाना टाकला.

बुरशीनाद, बारक्यांबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे एक अगदी नखाएवढी पांढरी शेकड्यांनी येतात, जमीन झाकून टाकतात. तीही यातलीच का? त्यांची मोजणी कशी करायची?

---

बुरशीनाद (२६ जून)

वर्णनावरून टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस असणार. गंमत म्हणजे हिला लांब शेपूट नसतं. वाळवी जुन्या थरांचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यांवरच ती उगवते. म्हणून वारुळाच्या माथ्यापेक्षा पायथ्याशी, भोवताली पसरलेली दिसते. याच घराण्यात झांबियातली टर्मिटोमायसिस टायटॅनिकस आहे, तिची टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. एकीकडे नखाएवढी, दुसरीकडे माणूस पावसात उभा राहील एवढी.

अळंबी मोजत बसू नका. एकक वारूळ धरा. एक वारूळ, एक नोंद, आणि अळंबी किती ते ढोबळ: दहाच्या आत, शंभराच्या आत, त्याहून जास्त.

---

गजाली (२६ जून)

मीटरभर टोपी! आमच्या गणपतीक मखर करूक झाली.

---

वैनगंगा (२७ जून)

गडचिरोलीकडून. आमच्याकडं हिला सात्या म्हणतात. पावसाळ्यात बाजारात आली की भाव विचारूनच लोक मागं फिरतात, आणि घेणारे घेतातच.

तुमच्या मोठ्या प्रश्नावर आमच्या गावात झालं ते सांगतो. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव आहे. दोन वर्षांमागं बाहेरचे व्यापारी पहाटे गाड्या घेऊन येऊ लागले, पोरांना पैसे देऊन जागा विचारू लागले. ग्रामसभेत विषय निघाला. बायकांनीच मांडला, कारण सात्या काढायला त्याच जातात. ठरलं ते असं: गावच्या हद्दीत गावचीच माणसं काढतील, वारूळ खणायचं नाही, प्रत्येक वारुळावर चार-पाच उमलू द्यायच्या, आणि जागांची यादी ग्रामसभेच्या वहीत राहील, वही घराबाहेर जाणार नाही.

शंकासुर भाऊंना सांगायचंय, नोंद झाली म्हणून बाईचं नुकसान झालं नाही. नोंद बाईच्याच ताब्यात होती म्हणून झालं नाही. नोंद कोणाच्या कपाटात राहते हे बघा.

---

शंकासुर (२७ जून)

वैनगंगा, हे पटलं. माझा राग बाहेरून येऊन जागा टिपून नेणाऱ्यांवर आहे. गाव स्वतः लिहीत असेल तर माझी हरकत नाही.

एक भर घालतो. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीकडून भरून घेतलेली दिसते, झाडांची नावं एका गावाची दुसऱ्या गावाला चिकटवलेली. करवंदी, तुमची नोंद त्या वहीत अधिकृतपणे चढवा. समितीला व्यापारासाठी गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचाही अधिकार कायद्यात आहे. डोंगर कापायला आले तर खाजगी नकाशापेक्षा ग्रामपंचायतीच्या ठरावासह असलेल्या वहीला वजन राहील.

---

टेम्सकाठ (२८ जून)

गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे, माहेर कुडाळचं. इथे हौशी लोकांच्या बुरशी-मंडळ्या गावोगाव आहेत, शरद ऋतूत शनिवार-रविवारी टोपल्या घेऊन जंगलात जातात. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाने २०१४ पासून काही वर्षं एक प्रकल्प चालवला होता, दुर्मीळ मानल्या गेलेल्या बुरश्या हौशी मंडळींच्या मदतीने शोधण्याचा. त्यातून कळलं की काही जाती दुर्मीळ नव्हत्याच, कोणी योग्य जागी बघितलंच नव्हतं. आणि काही खरोखरच सापडेनात.

त्यावरून एक विनंती. गेलात, बघितलं आणि अळंबी नव्हती, तरी लिहा. 'आज नाही' हीसुद्धा नोंदच. एरवी पाच वर्षांनी कोणी म्हणेल की इथे अळंबी कमी झाली, आणि तुम्हाला सांगता येणार नाही की ती कमी झाली की तुम्हीच कमी वेळा गेलात.

इथल्या मंडळींत एक गोष्ट मला फार आवडते. जागा विचारलीत तर हसून विषय बदलतात, पण नोंद मात्र झाडाच्या जातीपर्यंत अचूक पाठवतात.

---

डॉ_निवांत (२८ जून)

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. दर पावसाळ्यात अळंबी खाऊन आलेली कुटुंबं बघतो, म्हणून धाग्याच्या मध्येच बोलतो.

तुमचा नकाशा किंवा अ‍ॅपवरचं नाव बघून कोणी अळंबं खाऊ नये. हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहा. फोनमधली ओळख फोटोवरून अंदाज करते, तिला ठसा दिसत नाही, वास येत नाही, जमिनीखालचं कळत नाही.

खाल्ल्यावर एक-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्रास होतो, शरीरातलं पाणी जातं, पण बहुतेक जण बरे होतात. सहा तास किंवा त्याहून उशिरा सुरू झाले तर जास्त घाबरा. यकृत निकामी करणारी विषं अशी उशिरा बोलतात, आणि मधेच एक दिवस बरं वाटतं तेव्हा माणसं घरी निघून जातात. उरलेलं अळंबं, शिजवलेलं असलं तरी, पिशवीत घालून सोबत आणा. त्यावरून आम्हाला दिशा मिळते.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किडा लागलाय का, यावर विसंबू नका. या परीक्षा खोट्या आहेत.

---

लावणीवाला (२८ जून)

डॉक्टर, नाण्याचं आमच्या घरात अजून करतात. आज संध्याकाळीच बंद करायला लावतो.

---

करवंदी (२९ जून)

डॉक्टर, तुमचा मजकूर जसाच्या तसा फॉर्मवर घातला आहे.

आता आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाचा प्रश्न. गटातल्या तरुण मुलांना तिथेच टाकायचं आहे. जगभरातले जाणकार नाव सांगतात, शिकायला मिळतं. मला धाकधूक वाटते.

---

कोष्टक (२९ जून)

टाका, पण जागा झाकून. नोंद टाकताना 'अस्पष्ट' हा पर्याय निवडला की खरा बिंदू लोकांना दिसत नाही. ०.२ अंश लांब-रुंद चौकटीत कुठेतरी यदृच्छेने बिंदू दिसतो. ०.२ अंश म्हणजे बावीस किलोमीटरच्या जवळपास. तुमच्या दोडामार्गात ती चौकट गोव्यात किंवा बेळगाव जिल्ह्यातही पसरेल. राखणीसाठी उत्तम, पण तालुक्याचा नकाशा करायला निरुपयोगी. म्हणून मूळ वही वेगळी हवीच.

फोटोबद्दल सावध राहा. फोनने काढलेल्या फोटोच्या आत जागा लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती पुसली जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. गटात हे सगळ्यांना सांगून ठेवा. आणि फोटोच्या मागे ओळखीची टेकडी, देऊळ, विजेचा खांब नको. गावातल्या माणसाला तेवढं पुरतं.

---

म्हादईतीर (२९ जून)

कोष्टकराव, खांबाचं अगदी खरं. आमच्याकडे एकाने समाजमाध्यमावर टोपलीचा फोटो टाकला, मागे एक मोडका फलक होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे पाच दुचाक्या.

---

गजाली (३० जून)

सातेरीच्या राईतला वारूळ नोंदीत घेतलास काय गो? त्याका कोण हात लावणा नाय. देवीच ती.

---

करवंदी (३० जून)

गजालीदादा, बरी आठवण केलीत. आमच्याकडे आणि गोव्यातही सातेरी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, त्यामुळे अशा राईतली वारुळं खणली गेलेली नाहीत, तिथे कळ्याही कोणी खुडत नाही. म्हणजे हात न लागलेल्या वारुळावर काय येतं, कधी येतं, ते बघायला आमच्याकडे पिढ्यांपासून राखलेली जागा आहे. गावकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विचारून, चपला बाहेर काढून, फक्त बघून नोंद करायची असं ठरवलं आहे. फोटो देवीच्या जागेचा नाही, अळंब्याचाच. त्यांनी होकार दिला आहे.

---

बुरशीनाद (३० जून)

ताई, हे सोनं आहे. राईतली वारुळं आणि बागेतली वारुळं एकाच आठवड्यात बघा, म्हणजे तुलना होईल.

एखादा नमुना कायमचा जपायचा असेल तर मंद उष्णतेवर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात, ठशासह ठेवा. ओला प्लास्टिकमध्ये ठेवलात तर दुसऱ्या दिवशी चिखल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा मोठा संग्रह आहे, आजरेकर यांच्या नावाचा. तिथे नोंद झालेला वाळवलेला नमुना पुढच्या पन्नास वर्षांतही कोणी तपासू शकेल. फोटोवरून टर्मिटोमायसिसच्या जाती वेगळ्या करणं अनेकदा अशक्य असतं. नाव नक्की नसेल तर 'टर्मिटोमायसिस' एवढंच लिहा. आणि नमुना राईतला नको.

---

शंकासुर (८ जुलै)

तरणा पाऊस लागला. काय बातमी?

---

करवंदी (११ जुलै)

नोंदी सुरू झाल्या. एका वाडीत आजींनी स्वतः बरोबर येऊन वारुळं दाखवली. एका जागी पोचल्यावर आंब्याच्या खोडाला हात लावून म्हणाल्या, "हे बघ, ह्या मुळापासून चार पावलं." तिथे वर वारूळ नाही, सपाट जांभा, आणि भेगेतून पाच कळ्या वर आल्या होत्या. टोकं मातीने माखलेली, करडी-तपकिरी. बाजूचं एक उमललेलं होतं, त्याच्या पडद्यांवर हात फिरवल्यावर बोटांना गुलाबीसर पूड लागली. रात्री ठसाही गुलाबी आला. बुरशीनाद म्हणतात ती जमिनीखालची वसाहत ती हीच.

आजींनी दोन कळ्या काढल्या, तीन ठेवल्या. कोणी सांगायची गरज पडली नाही.

अडचण अशी की त्याच वाडीतल्या तीन जागा त्यांनी दाखवल्या, तिथे आता रबर आहे. वारूळ नाही, अळंबी नाहीत. त्या नकाशात घ्यायच्या की नाहीत? गटात दोन मतं पडली आहेत.

---

टेम्सकाठ (११ जुलै)

घ्या. आजींना त्या जागी शेवटचं अळंबं कधी दिसलं ते विचारून घ्या. वर्ष आठवत नसेल तर 'धाकटीच्या लग्नाआधी', 'रस्ता झाला त्या वर्षी' असं लिहा, त्यावरून वर्ष काढता येतं.

---

कोष्टक (१२ जुलै)

नक्की घ्या, पण वेगळ्या प्रकारात. तीन प्रकार ठेवा: यंदा बघितलं, यंदा बघितलं पण आलं नाही, पूर्वी होतं आता जागाच नाही. तिसऱ्या प्रकारचा पुरावा माणसाची आठवण आहे, म्हणून सांगणाऱ्याच्या परवानगीने त्यांचं नाव मूळ वहीत, बाहेरच्या नकाशात नाही. आणि हा तिसरा प्रकार अचूक बिंदूसह उघड करायला काहीच हरकत नाही. तिथे खुडायला उरलेलं नाही. ग्रामसभेत दाखवायचा नकाशा तोच.

---

वैनगंगा (१२ जुलै)

कोष्टक भाऊ, हे भारी सुचवलं. गेलेल्या जागा उघड, असलेल्या झाकून. आमच्या सभेतही मांडतो.

---

म्हादईतीर (१३ जुलै)

मलाही पटलं. जागा उघड करू नका म्हणून मीच आधी ओरडत होतो, पण गेलेल्या जागांना ते लागू नाही.

---

करवंदी (३० जुलै)

ठरलेलं सांगते, म्हणजे इतर गावांना उपयोगी पडेल. मूळ वही हाताने लिहिलेली, एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे, एक गावात. बाहेर द्यायच्या नकाशात दोन दशांश स्थळं. गेलेल्या जागा पूर्ण अचूक, पोकळ वर्तुळाने. रंग वापरणार नाही, पंचायतीत झेरॉक्स काळीपांढरी निघते. नोंदीत वारूळ दिसतं की नाही, झाडं, जमीन, आदल्या दिवसांचा पाऊस, नक्षत्र, ढोबळ संख्या, किती उमलू दिली, बघणाऱ्याचं नाव. 'आज नाही' ला स्वतंत्र रकाना.

म्हातारा पाऊस संपत आला. आश्लेषा लागली की खालच्या वाड्या घेणार आहोत. गजालीदादा, तुमची दोन वारुळं अजून बाकी आहेत. कधी येऊ?

---

गजाली (३० जुलै)

आयतवारी येवा, सकाळी. गमबूट घाला, व्हाळाक पाणी आसा. आणि आवशीक विचारलंय, ती तिसरा पण दाखवतली म्हणता.